आठ सुतांचा इंच

मेस्त्रींनी फळी समोर आडवी टाकली, कानामागची पेन्सिल काढली आणि टेप फळीवर तिरका ठेवला. फळीची रुंदी १० इंच ३ सूत. तिच्यावर सारख्या रुंदीचे सात पट्टे आखायचे होते. मी दारात उभी राहून मनात भागाकार करत होते: दहा इंच तीन सूत भागिले सात, म्हणजे दीड इंचाच्या जरासं अलीकडे, १.४८२ इंच. हा आकडा टेपवर कुठे शोधायचा?

मेस्त्रींनी भागाकार केलाच नाही. टेपचं शून्य फळीच्या एका कडेवर धरलं आणि दुसरं टोक हळूहळू फिरवत १४चा आकडा समोरच्या कडेवर आणून टेकवला. मग २, ४, ६, ८, १०, १२ या आकड्यांशी एकेक टिंब. सहा टिंबं झाली. त्यांतून कडेला समांतर अशा सहा रेघा ओढल्या आणि सात पट्टे तयार झाले, अगदी सारखे. सगळ्याला मिनिटभरही लागलं नसेल.

मी पुढे जाऊन पट्टे मोजून पाहिले. मग तिथेच बसून विचार करत राहिले. टेप तिरका केल्यानं त्यावरचे इंच काही बदलत नाहीत. पण फळीच्या रुंदीवर पडणारी त्यांची सावली आखूड होते, आणि प्रत्येक इंचाची सावली सारखीच आखूड होते. चौदाला सातानं भागणं पोरखेळ आहे. दहा इंच तीन सुतांना सातानं भागणं अवघड आहे. मेस्त्रींनी टेप कलता करून अवघड भागाकाराच्या जागी सोपा भागाकार आणून ठेवला होता. शाळेत समरूप त्रिकोणांची सिद्धता मी पाठ केली होती, तिच्यावर गुणही मिळवले होते. पण त्या सिद्धतेत एवढी ताकद आहे हे मला पहिल्यांदा त्या दिवशी, लाकडाच्या भुशात बसून कळलं.

रत्नागिरीकडच्या आमच्या जुन्या घराची डागडुजी चालली होती. माजघरावरचे वासे बदलायचे होते, मधलं दार नवं करायचं होतं, पुस्तकांना कपाट हवं होतं, शिवाय एक घडवंची. मार्चपासून मे अखेरपर्यंत मेस्त्री येत होते आणि मी रोज त्यांच्या आसपास घुटमळत होते. तेवढ्या दिवसांत एक गोष्ट हळूहळू उलगडत गेली. सुताराच्या गणितात मोजणं फार थोडं असतं. मोजणं टाळता कसं येईल, हेच त्याचं खरं गणित. मोजमाप दरवेळी वाचताना, लिहिताना, पुन्हा टेपवर शोधताना थोडी थोडी चूक त्याला चिकटत जाते. म्हणून जाणता सुतार आकड्याच्या वाटेला शक्यतो जात नाही. दोरी, गुण्या, ओळंबा आणि लाकूड यांच्याकडूनच तो उत्तर काढून घेतो.

त्याच्या हातातलं सगळ्यात लहान माप म्हणजे सूत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत, मिलिमीटरमध्ये सांगायचं तर सव्वातीनच्या जरासं आत. आठच का? दहा का नाहीत? त्याचं कारण मला फार सुंदर वाटतं. कुठल्याही लांबीचं निम्मं करायला आकडा लागत नाही. दोरी घ्या, दोन टोकं जुळवा, घडी पडली की झालं निम्मं. निम्म्याचं निम्मं पाव, त्याचं निम्मं अर्धपाव, म्हणजेच एक सूत. तीन घड्यांत इंचाचे आठ भाग होतात आणि प्रत्येक भाग आपोआप सारखा येतो. घड्या घालून दहा भाग करून बघा, मधेच पाचाशी अडाल. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, टेपवर सेंटिमीटर आले, प्लायवूड मिलिमीटरमध्ये विकलं जाऊ लागलं. तरी सुताराच्या तोंडी अजून इंच आणि सूत आहे, आणि ते केवळ सवयीनं टिकलंय असं मला वाटत नाही. निम्म्याची ती भाषा हाताला कळते.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त मापांचं कोष्टक येतं. त्यात आठ यवांचं एक अंगुल आणि चोवीस अंगुलांचा एक हात असं सांगितलंय. यव म्हणजे जवाचा दाणा. अंगुलाचेही आठ भाग आणि इंचाचेही आठ! हे वाचल्यावर मी ते पान बराच वेळ मिटवलं नव्हतं.

सूत या शब्दाला आणखी एक अर्थ आहेच. मेस्त्री लांब फळीवर रेघ मारायला पट्टी घेत नाहीत. कावेत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरतात, मधे चिमटीत उचलतात आणि सोडून देतात. फट् असा आवाज होतो आणि लाकडावर लाल रेघ उमटते, बारा फूट लांबीची, केसाइतकाही बाक नसलेली. दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, आणि ताण दिलेल्या दोरीला सगळ्यात आखूड मार्गाखेरीज दुसरा मार्गच उरत नाही. एखाद्याला सुतासारखा सरळ करतो असं आपण म्हणतो ते या दोरीवरून. सूत धरणारा तो सूत्रधार, आणि सुतार हा शब्द त्याच कुळातला, असं व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात.

मापांच्या दोन भाषा एकत्र नांदतात तेव्हा चूक कशी साठते तेही कपाटाच्या वेळी दिसलं. बाजारात १८ मिलिमीटरच्या प्लायला सर्रास पाऊण इंची म्हणतात. खरा पाऊण इंच १९.०५ मिलिमीटरचा. फरक मिलिमीटरभराचा, कुणाच्या डोळ्याला दिसणार? पण चार उभ्या पाट्या शेजारी शेजारी आल्या की तो चार मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे सुताहून जास्त. एवढ्या फरकानं खण सरकायचा थांबतो किंवा लडबडतो. मेस्त्रींनी पाटीची जाडी एकदाही आकड्यात घेतली नाही. प्लायचा तुकडाच उभा धरून त्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिल फिरवली. ज्या वस्तूला जागा करायची, तीच वस्तू माप म्हणून वापरायची!

आता ज्या गोष्टीनं मी सगळ्यात जास्त थक्क झाले ती सांगते. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. दोन पात्यांमधला कोन नव्वद अंशांचा असला पाहिजे. पण गुण्या स्वतः बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं? दुसऱ्या गुण्यावरून म्हणावं, तर तो तरी बरोबर आहे कशावरून? मी हा प्रश्न विचारला तेव्हा मेस्त्री नुसतं म्हणाले, “ताई, उलटून बघायचं.” सरळ कडेच्या फळीवर त्यांनी गुण्या टेकवला, उभी रेघ मारली. मग गुण्या आरशातल्यासारखा उलटा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या. पडल्या नसत्या, वर जाताना फाकल्या असत्या, तर गुण्या चुकीचा. आणि ती फाक गुण्याच्या चुकीच्या बरोब्बर दुप्पट असते, कारण पहिली रेघ डावीकडे जेवढी कलते तेवढीच दुसरी उजवीकडे. फूटभर उंचीवर अर्ध्या सुताची चूक असेल तर तिथे एका सुताची फट दिसते. हत्याराची चूक हत्यारच दाखवतं, आणि दुप्पट मोठी करून दाखवतं.

पाणसळीचंही तसंच. बुडबुडा मधोमध आला म्हणून फळी समतल झाली असं नाही, पाणसळच चुकीची असू शकते. तिची टोकं अदलाबदल करून त्याच जागी ठेवायची. बुडबुडा पुन्हा मधोमध आला तर दोन्ही खऱ्या. जगात कुठेही एक आदर्श काटकोन किंवा आदर्श सपाटी ठेवलेली नसतानाही माणसाला काटकोन आणि सपाटी मिळवता येते, केवळ उलटून बघून. यामागे सममिती आहे, गणितातली फार खोल कल्पना. ती इथे एका फळीवर दोन रेघांत मावली होती.

आणि याच कल्पनेची दुसरी बाजू तर त्याहून देखणी. दोन फळ्या कडेला कड जोडून रुंद पाट करायचा असेल तर त्यांच्या कडा अगदी काटकोनात रंधाव्या लागतात, नाहीतर जोडल्यावर पाटाला पन्हळ पडते. हातातला रंधा मात्र किंचित कलतोच. मेस्त्रींनी दोन्ही फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या एकमेकींना चिकटवून शिकंजात धरल्या आणि दोघींच्या कडांवरून रंधा एकदमच फिरवला. रंधा एक अंश कलला तर एका फळीची कड ८९ अंशांची होते आणि दुसरीची ९१. मग पुस्तक उघडावं तशा त्या उघडायच्या आणि कडा जुळवायच्या. ८९ आणि ९१ मिळून १८०, पाट सपाट! रंधा कितीही कललेला असो, बेरीज तीच. गुण्या तपासताना चूक दुप्पट करून पकडायची, इथे एका चुकीनं दुसरी फेडायची.

कपाटाचा सांगाडा उभा राहिला तेव्हा त्याचे कोपरे गुण्यात आहेत का हे बघायला मेस्त्रींनी गुण्या लावला नाही. सहा फूट उंच, चार फूट रुंद चौकटीच्या कोपऱ्यात एक फुटाचा गुण्या लावून काय कळणार? त्यांनी दोन्ही कर्ण मोजले. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत एकदा, दुसऱ्या जोडीचं एकदा. खरं तर मोजलेही नाहीत, एक काठी धरून तिच्यावर खुणा केल्या. एक कर्ण दोन सुतांनी मोठा निघाला. मेस्त्रींनी लांब कर्णाच्या टोकावर तळहातानं रेटा दिला. लांब कर्ण एका सुतानं आखूड झाला, आखूड कर्ण एका सुतानं लांबला, दोघे मधे भेटले. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि कर्णही सारखे असतील तर ती आकृती आयतच असते. यात एक अट आहे, आणि ती मेस्त्रींना पक्की ठाऊक होती: बाजू आधी बघायच्या. वर अरुंद आणि खाली रुंद अशा चौकटीचेही कर्ण सारखे येऊ शकतात आणि नुसत्या कर्णांवर विसंबणारा तिथे फसतो.

कर्ण म्हणजे कान. काटकोन त्रिकोणाच्या सगळ्यात लांब बाजूला आपण रोज हा शब्द वापरतो आणि विसरून जातो. काटकोन कसा मिळवायचा याची सगळ्यात जुनी भारतीय कृती शुल्बसूत्रांत आहे. यज्ञवेदी बांधण्यासाठी लिहिलेले हे ग्रंथ. ‘शुल्ब’ म्हणजे दोरी. बौधायनानं आयताच्या कर्णाचा नियम सांगितला, म्हणजे आपण ज्याला पायथागोरसचं प्रमेय म्हणतो तोच, आणि लगेच बाजूंच्या जोड्याही दिल्या: तीन आणि चार, बारा आणि पाच, पंधरा आणि आठ, सात आणि चोवीस, बारा आणि पस्तीस, पंधरा आणि छत्तीस. या बाजूंवर काढलेला कर्ण पूर्णांकात येतो. पूर्णांकात येतो म्हणून दोरीला गाठी मारून तो धरता येतो. तीन, चार, पाच गाठींचा त्रिकोण ताणला की एक कोपरा काटकोन होतोच. दोरीला त्यासाठी कोन कळावा लागत नाही, तिला फक्त लांबी कळते.

वासे बदलायच्या दिवशी हाच त्रिकोण पुन्हा भेटला. माजघर सोळा फूट रुंद. आढं मधोमध, भिंतीच्या माथ्यापासून सहा फूट वर. म्हणजे प्रत्येक पाखीखाली आडवं अंतर आठ फूट, चढ सहा फूट. वासा किती लांब? आठाचा वर्ग ६४, सहाचा वर्ग ३६, बेरीज १००, वर्गमूळ १०. दहा फूट, शिवाय पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून पुढे काढायचं ते वेगळं. हे मी केलं. मेस्त्रींनी काय केलं? आठ फुटांना सहा फूट चढ, म्हणजे फुटाला नऊ इंच, एवढंच त्यांनी डोक्यात ठेवलं. मोठा लोखंडी गुण्या वाशाच्या कडेवर असा ठेवला की एका पात्यावरचा १२ इंचाचा आकडा आणि दुसऱ्यावरचा ९ इंचाचा आकडा दोन्ही कडेला टेकले. खूण केली. गुण्या पुढे सरकवला, पुन्हा तसाच टेकवला, खूण केली. असं आठ वेळा. प्रत्येक पावलाला १५ इंच, आठ पावलांत १२० इंच, दहा फूट! वर्ग नाहीत, वर्गमूळ नाही. शिवाय शेवटच्या खुणेपाशी गुण्याच्या एका पात्यालगत रेघ मारली की आढ्याला चिकटणारा उभा छेद मिळतो, दुसऱ्या पात्यालगत मारली की भिंतीवर बसणारा आडवा छेद. सगळी पाखी लहान होऊन त्या गुण्यात मावली होती. घरालाच आठ पायऱ्यांत दुमडून लाकडाच्या कडेवर ठेवल्यासारखं.

दारासाठी सागाचा ओंडका घ्यायचा होता, म्हणून वखारीत गेलो. ओंडका गोल, लाकडाचा भाव घनफुटावर. गोलाचं घनफळ काढायचं तर ‘पाय’ हवा, त्रिज्येचा वर्ग हवा. वखारीत दोरी निघाली. ओंडक्याच्या मध्यावर दोरीचा वेढा, मग ती दोरी घडी करून निम्मी, पुन्हा घडी करून पाव. पाव घेराचा वर्ग गुणिले लांबी, हे झाले घनफूट. आमच्या ओंडक्याचा घेर ६० इंच, पाव घेर १५ इंच म्हणजे सव्वा फूट, लांबी ८ फूट. सव्वाचा वर्ग १.५६२५, गुणिले आठ, साडेबारा घनफूट.

घरी येऊन मी खरं घनफळ काढलं तर ते जवळजवळ सोळा घनफूट आलं. पाव घेराची रीत दरवेळी खऱ्याच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच देते, ओंडका केवढाही असो, कारण ते गुणोत्तर ‘पाय’च्या चौथ्या हिश्श्याइतकं आहे. मग ही रीत चुकीची का? आधी मलाही तसंच वाटलं. पण ओंडका कोणी अख्खा वापरत नाही. साल जाते, गोलाईची पाठ जाते, करवतीत भुसा जातो. ओंडक्याच्या पोटात बसेल असा सगळ्यात मोठा चौकोनी तुळईचा तुकडा काढला तर हाती जेमतेम दहा घनफूट येतात. पाठीच्या कापांतून पट्ट्याही निघतात. तेव्हा दहा आणि सोळा यांच्या मधला साडेबारा हा आकडा वापरता येणाऱ्या लाकडाच्या फार जवळ जातो. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजानं या रीतीची कोष्टकं १७३६ साली छापली, आणि लाकडाच्या व्यापारात त्याचं नाव अजून चालतं. आपल्या वखारींतही हीच रीत रुळली. गोलाला चौकोन समजण्यात जी घट येते तीच नासाडीची भरपाई करते.

ओंडका चिरायला टाकला तेव्हा मला पुन्हा ‘लीलावती’ आठवली. भास्कराचार्यांनी त्यात ‘क्रकचव्यवहार’ नावाचं प्रकरणच घातलंय. क्रकच म्हणजे करवत. आकाशातल्या ग्रहांची गती मांडणाऱ्या या गणितज्ञानं करवतीसाठी वेगळं प्रकरण लिहिलं, यातच केवढं प्रेम आहे! उदाहरण असं आहे: लाकडाची जाडी बुंध्याशी २० अंगुलं, शेंड्याशी १६, लांबी १०० अंगुलं, आणि चार वेळा चिरायचं, तर किती हात चिरकाम झालं? दोन जाड्यांची सरासरी १८, गुणिले १०० म्हणजे १८००, गुणिले चार म्हणजे ७२००. एका चौरस हातात २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ चौरस अंगुलं. ७२०० भागिले ५७६, उत्तर साडेबारा हात.

इथे नीट बघा, भास्कराचार्य घनफळ काढत नाहीत, क्षेत्रफळ काढतात. का? कारण करवत लाकडाच्या आकारमानाशी झुंजत नाही, ती नवा पृष्ठभाग उघडत जाते. चिरणाऱ्याचा घाम किती गळला हे फळ्या किती जाड निघाल्या यावर ठरत नाही, किती चौरस हात लाकूड दुभंगलं यावर ठरतं. एवढंच सांगून ते थांबत नाहीत. मजुरी ठरवताना माल मऊ आहे की टणक ते बघून कारागिराशी करार करावा असंही ते सांगतात. गणिताच्या पुस्तकात चिरणाऱ्याच्या श्रमाची ही आठवण वाचून माझे डोळे भरून आले होते, हे लिहिताना संकोच वाटत नाही. त्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला. त्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे, १२०७ सालचा, आणि त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे.

प्लायवूड कापताना मेस्त्री आठ बाय चारच्या पाटीवर खडूनं आधी सगळे तुकडे मांडून बघायचे. हा उभा घातला तर तो आडवा बसेल का, उरलेल्या पट्टीतून खणाचा तळ निघेल का. शिवाय दर कापाला करवत तीनेक मिलिमीटर खाते, तेही सोडायचं. पाच फुटी पट्टीतून एकेक फुटाचे पाच तुकडे कधीच निघत नाहीत, कारण चार काप बारा मिलिमीटर घेऊन जातात. कमीत कमी वाया जाईल अशी मांडणी शोधणं किती अवघड आहे हे संगणकालाही विचारावं. १९३८ साली सोव्हिएत रशियात लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगानं लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञापुढे असाच एक प्रश्न ठेवला: आठ यंत्रं, पाच जातींचं लाकूड, कुठलं यंत्र कुठल्या लाकडावर किती वेळ लावलं तर उत्पादन सर्वांत जास्त होईल? तो सोडवताना त्यांनी जी पद्धत शोधली तिचं पुस्तक १९३९ साली निघालं, आणि त्यात माल कमीत कमी वाया घालवून कापण्याचा प्रश्नही होता. पुढे तिला रेषीय नियोजन हे नाव मिळालं. आज विमानांची वेळापत्रकं आणि कारखान्यांचा कारभार तिच्यावर चालतो. कांतोरोविच यांना १९७५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. खडूच्या रेघांकडे बघताना मला लेनिनग्राड आठवायचं.

घडवंची तयार झाली आणि मागच्या पडवीत, सारवलेल्या जमिनीवर ठेवली तर डुगडुगली. तिवई कधी डुगडुगत नाही, कारण तीन टोकांतून नेहमी एक सपाटी जाते. चौथा पाय आला की भांडण सुरू. चारही पाय अगदी सारखे होते, जमीन उंचसखल होती. मी पायाखाली कागदाची घडी घालायला निघाले. मेस्त्री म्हणाले, “थांबा, फिरवून बघू.” त्यांनी घडवंची जागच्या जागी थोडी थोडी फिरवली आणि एका ठिकाणी ती गप्प बसली. तो योगायोग नव्हता. चौरस घडवंचीचे समोरासमोरचे पाय जोडीनं घ्या. एका जोडीखालच्या जमिनीच्या उंचीची बेरीज दुसऱ्या जोडीपेक्षा जास्त आहे, म्हणून ती डुगडुगते. आता पाव फेरा फिरवा. जोड्यांनी जागा बदलल्या, जी जास्त होती ती कमी झाली. जास्तीपासून कमीपर्यंत जाताना कुठेतरी दोन्ही सारख्या झाल्याच पाहिजेत, आणि त्या क्षणी चारही पाय टेकतात. चढउतार फार तीव्र नसेल तर हे नक्की घडतं, असं गणितज्ञांनी सिद्ध केलंय. आणखी एक अट, जमीन कुठे तुटलेली नको. उचकटलेल्या फरशीवर हमी नाही, पण हातानं सारवलेली जमीन तर या प्रमेयासाठीच केलेली.

दार मात्र शेवटी झालं, मे अखेरीस. चार सागाच्या फळ्यांचं, तीन फुटी. ते चौकटीत बसवल्यावर कडेला फट दिसत होती, सगळी मिळून तीन सूत. एवढं काटेकोर काम करणाऱ्या माणसानं फट कशी ठेवली? मी विचारलं. “पावसात दार पाणी पितं, ताई,” एवढंच उत्तर मिळालं.

मी हिशोब करून बघितला. ओलं लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आखडत नाही, रुंदीत आखडतं. साग पूर्ण वाळेपर्यंत वर्षावलयांच्या दिशेनं ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं २.५ टक्के आखडतो. हा सगळा आखड लाकडातला ओलावा साधारण तीस टक्क्यांवरून शून्यावर येताना होतो. उन्हाळ्यात दारातला ओलावा समजा अकरा टक्के, ऐन पावसाळ्यात सतरा. सहा टक्क्यांचा फरक, म्हणजे तिसाचा पाचवा हिस्सा. तेव्हा ५.८चा पाचवा हिस्सा, साधारण १.१६ टक्के फुगवटा. ३६ इंचांवर तो ०.४२ इंच होतो, म्हणजे तीन सुतांच्या थोडं वर. दुसऱ्या दिशेनं चिरलेल्या फळ्या असत्या तर दीड सूतही नाही. आमच्या दारात दोन्ही तऱ्हेच्या फळ्या होत्या. दोन्हींच्या मधला आकडा धरला तरी जवळजवळ अडीच सूत. उरलेलं अर्धं सूत दार उघडझाप व्हायला.

तीन सूत. मी कागदावर आकडेमोड करून तिथे पोचले होते, ते तीन सूत मेस्त्रींच्या बोटांत आधीपासून होते.

जून उजाडला, पाऊस लागला. मी रोज सकाळी त्या फटीत पोस्टकार्ड सरकवून बघत असे. जूनमध्ये ते सहज जात होतं. आषाढात घासायला लागलं. श्रावणात एका सकाळी ते कडेवरच अडलं, पण दार हाताच्या बोटानं ढकललं तरी आवाज न करता उघडत होतं. दिवाळीला घरी गेले तेव्हा पहिल्यांदा पोस्टकार्ड शोधलं. ते फटीतून अलगद पलीकडे गेलं.